सहा नंबरचा चमचा

सोमवार, ४ मार्च
भरणी गोदाम

चि. ठिणगीस मामाचे अनेक आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की तुमच्या अंतराळ स्थानकातून एक चमचा नाहीसा झाल्याचे वृत्त येथे येऊन थडकले आहे. चमचा, लांब दांड्याचा, क्रमांक सहा. कार्यालयाने माझ्याकडे तीन प्रतींत खुलासा मागितला आहे. कारण उघड आहे. गेल्या दहा वर्षांत त्या स्थानकाची एकेक खोली, एकेक नळी आणि तुमचा एकेक पायमोजा ज्या गोदामातून वर गेला, त्याचा भरणीप्रमुख अस्मादिक. वर काही हरवलं की खाली माझ्याकडे बोट. चमचा चारशे किलोमीटर उंचीवर, मी जमिनीवर, आणि खुलासा मी करायचा! बारा वर्षं संस्कृत शिकलो. पण चमच्यावर विलाप लिहायची पाळी येईल असं गुरुजींनी कधी सुचवलं नव्हतं.

उपाय सोपा आहे. तूच आईला सांगितलं होतंस की वर वस्तू पडत नाहीत, तरंगतात, आणि पंखा जिकडे हवा ओढतो तिकडे हळूहळू वाहत जातात. हरवलेलं सगळं दुसऱ्या दिवशी पंख्याच्या जाळीवर चिकटलेलं सापडतं. पेन, स्क्रू, तुमच्या दाढीवाल्या कॅप्टनचा कंगवा. तेव्हा जाळी बघ, चमचा उचल आणि मला सोडव.

मालयान शनिवारी तुमच्या दाराला लागलं ते पाहिलं. शेवटी चढवतो ते तुमच्या हाती आधी येतं, म्हणून अगदी दाराशी सफरचंदं ठेवली आहेत. सात किलो, नियमात बसवून.

ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्याला पट्टी आहे, म्हणून तुझी पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवतो. माझ्या वाचनात भाव नाही अशी तिची तक्रार आहे.

तुझा मामा

—

गुरुवार, ७ मार्च
स्थानक

मामा,

चमचा गेला खड्ड्यात. (वर खड्डे नसतात, माहीत आहे. लिहू नकोस.)

पिशवी नंबर एक्केचाळीस आज उघडली. यादीत लिहिलंय, 'हवा-गाळणीचा राखीव पंखा, एकतीस किलो.' आत काय निघालं? दोन मोठे दिवे, एक लाल कापडी फलक आणि तीन पायांचा स्टँड. स्टँड! इथे! कुठे उभा करू तो, कपाळावर? स्थानकाला दहा वर्षं झाली म्हणून मंगळवारी आम्ही चौघांनी त्या फलकाखाली जगाला हात हलवून दाखवायचा आहे म्हणे.

त्या दिवट्यांना कोणीतरी सांगा की इथे खिडकी उघडता येत नाही. आम्ही श्वास सोडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पंखा ओढून गाळणीत नेतो, गाळणी तो धरून ठेवते आणि उरलेली हवा परत देते. पंखा आहे तर आम्ही आहोत. त्याचा राखीव काढून दिवे?

बदलाच्या कागदावर नाव नाही. नवीन वर्षापासून तुम्ही नावाऐवजी नंबर घालता ना? तिथे फक्त 'मंजूर, १७' आहे. हा सतरा नंबरचा गाढव कोण ते शोधून काढ आणि माझ्या वतीने त्याच्या तोंडावर दार आपट. तुमच्याकडे आपटण्यासारखी दारं आहेत, आमच्याकडे नाहीत.

आईला सांग, घाई काही नाही. जुना पंखा चालतोय. राखीव तो राखीव. फक्त राग आला.

सफरचंदं पोचली. एक मी कापलंच नाही. वास घेतेय नुसता. त्यासाठी तुला शंभर गुन्हे माफ.

ठिणगी

—

सोमवार, ११ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या 'गाढव' शब्दावर माझी हरकत आहे. गर्दभ, खर, रासभ असे सुसंस्कृत पर्याय हाताशी असताना भाचीने एवढं खाली उतरावं, तेही एवढ्या वरून?

सतरा नंबरचा शोध चालू आहे. गोदामात सत्तावीस माणसं, त्यात हे नंबर नवे; जरा वेळ लागेल. तू त्यात डोकं घालू नकोस. पुढचं यान सत्तावीस तारखेला सुटतंय आणि पंखा त्याच्या यादीत आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

चमच्याबद्दल दुसरं स्मरणपत्र आलं. या खेपेला लाल शाईत. जाळीवर पाहिलंस का?

तुझं पत्र ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही एवढी ओरडते कशाला? पंखा चालतोय ना?"

"चालतोय म्हणते."

"मग काहीतरी लपवतेय. लहानपणी आपटली की आधी शेजारच्याला चापट मारायची, मग रडायची."

"ताई, तुझ्या मुलीचा स्वभावच तो. नाव काय उगीच पडलं?"

यावर तिनं तेच पत्र मला पुन्हा वाचायला लावलं. पण मीही जरा दुखावलोय, सांगून टाकतो. तक्रार गोदामाची, ती तू गोदामाला लिही. प्रत्येक ओळीत काठी माझ्याच पाठीवर का?

तुझा मामा

—

गुरुवार, १४ मार्च

मामा,

हे आईला वाचू नकोस.

तुला सगळ्याची गंमतच करायची असते. मी विचारलं एक, तू दिलास शब्दकोश. आठवडा झाला, सत्तावीस माणसांत एक नंबर सापडत नाही? की सापडवायचा नाही? तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेता. गोदामाला दारं आहेत, दाराबाहेर वारा आहे, चहाची टपरी आहे. तू कधी वर आला नाहीस आणि येणारही नाहीस. पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसानं मला धीर शिकवू नये.

मंगळवारचा तमाशा पाहिलाच असशील. चौघं एका खोलीत, वर ते तापलेले दिवे. मोठे साहेब पडद्यावरून विचारतात, "काय, हवा कशी आहे वर?" आणि मी हसून म्हणते, "छान!" माझा मलाच संताप आला. नंतर दाढीवाल्याशी टॉवेलवरून कडाक्याचं भांडण झालं. टॉवेलवरून! त्यानं माझा वापरला, की मी त्याचा, हेही आता आठवत नाही.

आणि नाही, चमचा जाळीवर नाही. दहा दिवस झाले. पुन्हा विचारू नकोस.

ठि.

—

सोमवार, १८ मार्च

ठिणगी,

तुझं पत्र वाचून मी शुक्रवारी एक उत्तर लिहिलं होतं. चार पानी, अलंकारयुक्त, विषारी. 'चिठ्ठ्या चिकटवणारा' या दोन शब्दांवरच दीड पान होतं. ते फाडलं. का, ते सांगतो.

शनिवारी ताईची पट्टी निघाली आणि तिनं मंगळवारचा कार्यक्रम पुन्हा लावायला सांगितला. तुला डोळ्यांनी बघायचं होतं तिला. बघता बघता म्हणाली, "ते लाल कापड इस्त्री करून भिंतीला चिकटवलंय का रे? हलत कसं नाही?"

मी पाहिलं. फलक वरच्या दोन टोकांना बांधलेला होता, खालची बाजू मोकळी, आणि जाळी त्याच्यापासून हातभर अंतरावर. पंखा ओढत असता तर ते कापड फडफडलं असतं. ते पाटीसारखं थिजलं होतं.

लहानपणी अनुमान शिकताना आम्हाला धुरावरून आग ओळखायला लावायचे. मी पन्नाशी ओलांडली आणि दोन आठवडे माझ्यासमोर धुराचा लोट होता, मी त्याला चमचा म्हणत बसलो होतो. हरवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी जाळीवर येते. चमचा दहा दिवस आला नाही. याचा अर्थ चमचा धीट झाला असा नाही. हवा वाहत नाही.

तसाच नियंत्रण कक्षात गेलो. तिथे बावीस टेबलं, त्यातलं एक तुमच्या हवेचं. त्या टेबलावरच्या बाईंनी आधी "आकडे बाहेर सांगता येत नाहीत" म्हटलं. मी म्हटलं, "बाई, आतल्यांपैकी एक माझी भाची आहे." मग त्यांनी आवाज न करता पडदा माझ्याकडे वळवला. पंखा निम्म्या वेगाने फिरतोय, गेल्या एकोणीस दिवसांपासून. म्हणजे मी यान भरत होतो तेव्हापासून! त्या म्हणाल्या, "हवेत तो वायू साचला की डोकं ठणकतं, विसरायला होतं. पण सगळ्यात आधी माणूस चिडचिडा होतो. कारण नसताना भांडतो." मी विचारलं, "टॉवेलवरून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कशावरूनही."

म्हणजे तू चिडत होतीस ती माझ्यावर नाहीच. आणि मी रुसून बसलो होतो.

आता दुसरं. हे मी पंधरा दिवस गिळून बसलोय. सतरा नंबर मी आहे.

यान बंद करायच्या आदल्या दिवशी मोठे साहेब गोदामात आले. "पंखा पुढच्या खेपेला. दिवे आत्ता." मी म्हटलं, "साहेब, राखीव आहे तो." "जुना चालतोय ना? पंचवीस दिवसांचा तर प्रश्न आहे." जुना अडखळायला लागलाय हे साहेबांच्या कार्यालयात कळलेलं होतं, गोदामापर्यंत कोणी येऊ दिलं नाही. पण हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. मी विचारलंच नाही. सही केली.

पंखा एकतीस किलो, दिवे-स्टँड-फलक मिळून चोवीस. यानात एका बाजूचं वजन कमी ठेवून चालत नाही, तोल जातो. सात किलोंची जागा उरली होती. ती रिकामी ठेवणं आम्हा भरणीवाल्यांच्या हाताला जमतच नाही. मी ती सफरचंदांनी भरली, आणि घरी येताना मला चक्क आनंद झाला होता.

मामा

—

गुरुवार, २१ मार्च

सफरचंदं!

ते एक सफरचंद मी पंधरा दिवस उशाशी बांधून ठेवलं होतं, मामा. डोकं फुटायला लागलं की त्याचा वास घ्यायची. आणि तू मला शब्दकोश पाठवत होतास. 'शोध चालू आहे'! कुठे शोधत होतास, आरशात?

साहेबांना मी ओळखते, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. तुझ्याकडून होती. तू मला चालायला शिकवलंस, सायकल शिकवलीस, 'न वाचता सही करू नये' हेही तूच शिकवलंस.

आता आईला सगळं वाचून दाखव. हेही. भाव घालून वाच, जमत नसेल तर ओरड.

खरं असं आहे. पंखा आता निम्म्याच्याही खाली. कार्बन डायऑक्साइड शोषणारे राखीव डबे आठ होते, सहा संपले. व्यायाम बंद, कारण धापा टाकल्या की हवा आणखी खराब होते. चौघं टोकाच्या नव्या खोलीत झोपतो, तोंडासमोर हातातला छोटा पंखा बांधून. नाहीतर आपलाच उच्छ्वास तोंडाभोवती ढगासारखा साचून राहतो. परतीचं यान दाराला लागलेलं आहे. आकडा एका रेषेपलीकडे गेला की स्थानक सोडून उतरायचं असं ठरलंय. पण ते ठरवायचं कोणी? आम्हीच. ह्याच डोक्यांनी. काल दाढीवाला एकच झडप तपासायला तीनदा गेला, आणि मी तिन्ही वेळा त्याला 'शाबास' म्हटलं.

पंखा पाठव. विनोद नको, संस्कृत नको, सफरचंद नको. पंखा.

—

सोमवार, २५ मार्च

ठिणगी,

वाचलं. सगळं, पहिल्यापासून. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं त्या नव्या डोळ्यानं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं मीच खाली बघावं. मग म्हणाली, "सफरचंदं मी निवडली होती रे. एकेक हातात घेऊन. तू मला सांगितलं नाहीस की ती कशाच्या जागी चाललीत." आणि उठून आत निघून गेली. मात्र सकाळी मी निघालो तर चपला घालून दारात उभी. "मी येतेय. तुझ्या गोदामात स्टूल तरी असेल ना?"

तर ती स्टुलावर बसलेली असताना मोठे साहेब नवी यादी घेऊन आले. पंखा यादीत होता, पण मधल्या थरात. तुम्ही तिथपर्यंत पोचायला तीन दिवस लागतात. आणि दाराशी, पहिली हाती लागणारी वस्तू कोणती? दहा वर्षांची पितळी पाटी. साहेबांच्या सहीची.

मी म्हटलं, "पंखा दाराशी. पाटी खाली."

"यादी ठरलेली आहे."

"मग सतराची सही मिळणार नाही."

"सतरा करणार नसेल तर अठरा करेल."

अठरा म्हणजे आमची क्रेनवाली. तिनं कानावरचं पेन काढलं, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि परत कानावर ठेवलं. "शाई संपलीय साहेब." साहेब एकोणीसकडे वळले. हा दोन पदव्या घेतलेला माणूस. म्हणाला, "मला लिहिता येत नाही." वीस नंबर तर सरळ जेवायला गेला. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

साहेबांचा चेहरा फलकासारखा लाल झाला. "हे फार महाग पडेल तुम्हाला," असं मला म्हणाले. त्यावर स्टुलावरून ताई बोलली, "माझी मुलगी आहे हो वर. तुम्ही तिला हवा कशी आहे विचारलंत ना? उत्तर घेऊन आलेय." पुढे ती काय बोलली ते मी लिहीत नाही. तुझा राग कोणत्या घराण्यातून आला याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नाही.

पंखा दाराशी आहे. मी स्वतः बांधला. मला महिनाअखेरपर्यंतच कामावर ठेवणार आहेत असं ऐकतो. ठेवू देत नाहीतर काढू देत. परवा यान सुटेल.

मला माफ कर असं म्हणत नाही. आधी श्वास घे, मग बघू.

मामा

—

गुरुवार, २८ मार्च

प्रिय मामा,

वाऱ्यामुळे यान सुटलं नाही असं कळलं. असू दे. सुटेल सावकाश. कोणाची चूक नाही. साहेबांचीही नाही, त्यांनाही वरून सांगत असतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

इथे छान आहे. शांत आहे. आता कोणी भांडत नाही. खिडकीतून खाली सगळं निळं दिसतं. सूर्य दिवसातून सोळा वेळा उगवतो, मी आज मोजत होते, मग राहिलं. आईला सांग मी बरी आहे.

सफरचंदं छान होती. दाढीवालाही छान आहे. काही लागलं तर कळवते. सफरचंदं खूप छान होती.

तुझी
ठिणगी

—

रविवार, ३१ मार्च

चि. ठिणगी,

आज टपालाचा वार नसताना हे पत्र चढवलंय, हवेच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांच्या हक्कात. दाढीवाल्यालाही वाचून दाखव, दोनदा.

यान आज सकाळी सुटलं. उद्या दुपारी दाराला लागेल. दार उघडलं की पहिली पिशवी, हिरवा पट्टा. आत पंखा. चार स्क्रू, एक जोडणी. कोणता आधी ते झाकणावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, त्यासाठी काही आठवावं लागणार नाही. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं, तिसऱ्यानं पुन्हा वाचायचं. आणि मधल्या वेळात बाई 'उतरा' म्हणाल्या तर ते तुम्ही ठरवायचं नाही. त्या म्हणतील ते ऐकायचं. साहेबांनी तसं लिहून दिलंय. ताई त्यांच्या टेबलासमोर बसून होती, त्यांनी ते लिहीपर्यंत.

आता तुझ्या गुरुवारच्या पत्राविषयी माझी गंभीर तक्रार. एवढं सभ्य पत्र तू आयुष्यात लिहिलेलं नाहीस. 'प्रिय' मामा? तिसरीत तुझं खोडरबर घेणाऱ्या मुलीला तू अजून माफ केलेलं नाहीस, आणि मोठ्या साहेबांना एका ओळीत सोडून दिलंस. माझ्यावरचा राग तर चक्क विसरूनच गेलीस. ताईला मी ते पत्र वाचून दाखवलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "हे तिचं नव्हे," आणि देवघर सोडून टेलिफोनपाशी जाऊन बसली.

पंखा लागला, हवा फिरली, तो मेला चमचा जाळीवर येऊन चिकटला, की मला एक शिवी लिहून पाठव. संस्कृत नको. तूच शोधलेला तो साधा शब्द चालेल, मी सतराच्या नावानं पोच देईन.

यान चुकेल, पंखा बसणार नाही, माझी नोकरी जाईल, यातलं काहीही मला खरं घाबरवत नाही. तू ओरडत होतीस तोवर मी गोदामात काम करू शकत होतो. गुरुवारपासून तू माझ्यावर रागावलेली नाहीस, आणि मला हातात दोरी धरवत नाही.

मामा